खुडबुड्याचा नट

आमच्या जिन्यावर एकेकाळी एक कुजबुज फार रंगली होती. खुडबुड्याने म्हणे मेलेल्या आईचे केस धाकट्या बहिणीच्या गिटारच्या पोटात गुंडाळून ठेवलेत, आणि म्हणून म्हातारी पोरीला घराबाहेर पडू देत नाही.

बातमी आणली समोरच्या शिंपीणबाईंनी. मशीन बंद आणि खिडकी उघडी, असा बाईंचा धंदा. लांबसडक, तांबूस केस तो एका चपट्या बॉबिनवर गुंडाळताना त्यांनी म्हणे डोळ्यांनी पाहिला. आता ती असते केसाहून बारीक तांब्याची तार. तिच्या आत लोहचुंबक बसवले की तारांचा थरथराट पकडून स्पीकरकडे धाडणारा पिकअप तयार होतो. पण जिन्यावर उभं राहून लोहचुंबक कोण ऐकतो? त्यापेक्षा मेलेली आई बरी.

खुडबुड्या हे नाव आम्हीच ठेवलेलं. कारखान्यांनी घाईघाईत ठोकलेल्या स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारी तो घरी दुरुस्त करायचा. स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल त्याचं, अर्धं पोळपाटाचं. कणकेत सोल्डरचे मणी सापडायचे. हात सोन्याचा, जीभ मात्र कानशीची. कुणी भीत भीत विचारलं, "मास्तर, सुधारेल का हो?" की तो म्हणायचा, "गिटार सुधारेल. तुमचं काही सांगता येत नाही."

तरुणपणी तो जहाजावरच्या बँडसाठी वाजवून दाखवायला गेला होता. बँडमास्तरने अर्ध्यावर हात वर केला आणि विचारलं, "तुम्ही दुरुस्ती चांगली करता म्हणे?" लोक फिदीफिदी हसले. त्यानंतर चारचौघांत त्याने कधी वाजवलं नाही.

वाजवायची धाकटी. भांडी घासायची, ओले हात फ्रॉकला पुसायची आणि तयार झालेली गिटार गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायची. गिऱ्हाईक दारातच पाघळायचं. "ताई, काय वाजवता हो!" टेबलामागून खुडबुड्या पुटपुटायचा, "बैल राबला आणि गोंड्याचं कौतुक."

एक दिवस त्याच जहाजाच्या बँडने धाकटीला वाजवून दाखवायला बोलावलं. निवड झाली तर ती जहाजावर जाणार होती. या घरातून, या टेबलापासून सुटका. तिला दुसरं काही नको होतं.

"दादा, माझी गिटार एकदा बघशील?"

"बघतो ना. तू गेल्यावर मला कोण विचारतंय? निदान गिटार तरी विचारील."

"असं काय रे बोलतोस? मी पत्र पाठवीन."

"पत्र पाठव. पोळ्या पाठवता येतील का बघ."

ती हसली. तो थट्टा करतोय असं तिला वाटलं.

गिटारच्या मानेच्या टोकाला हाडाची एक बारीक पट्टी असते. तिला म्हणतात नट. तिच्या सहा खाचांत सहा तारा बसतात. धाकटी नेहमी चिडवायची, "दादा, घरात एक नट होता तेवढा पुरे नव्हता का?" खुडबुड्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा की जाड तारा चढवल्या तर आधी खाचा रुंद करून घ्या. नाहीतर तार ओढून सूर चढवला की ती खाचेत अडकते, परत जागेवर येत नाही, आणि सूर उतरतो.

जायच्या दिवशी सकाळी त्याने जुन्या बारीक तारा काढून जाड चढवल्या. "जहाजावर भरीव आवाज लागतो." कानस घेतली, खाचांवर फिरवली. धाकटीने सूर लावून पाहिले.

"दादा, मधेच टिंग झालं बघ."

"नवी तार आहे. बसेल. नाचरीला अंगण वाकडं!"

हॉटेलच्या हॉलमध्ये तिने सुरुवात झकास केली. मग तार ओढली, सोडली, आणि सूर घसरला. तिने लावून घेतला. पुन्हा घसरला. बँडमास्तर आता पिकला होता, पण जिभेची धार तशीच. "बाई, जहाज डुलतंच. त्यात तुम्ही कशाला डुलताय?" मागे कोणीतरी खो खो हसलं. पुढच्याला बोलावलं गेलं.

घरी आल्यावर खुडबुड्याने तिला पाणी दिलं. "जाड तारांनी बोटं कापली असतील," असं म्हणत प्रेमाने बारीक तारा परत चढवल्या. "वाजव बरं."

ती वाजवत राहिली. एकही सूर हलला नाही.

"म्हणजे माझाच हात," ती म्हणाली.

"असू दे गं. आपल्या रक्तातच नाही ते."

त्यानंतर तिने कधी वाजवलं नाही. आता ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्याच्यासाठी पिकअपच्या तारा झाळते. गिऱ्हाइकांना तो सांगतो, "हिलाही मोठी हौस होती. त्याला हात लागतो." ती मान डोलावते, वर बघत नाही. पोळ्या वेळेवर होतात.

गिटार एका विद्यार्थ्याला विकली. त्याने जाड तारा चढवल्या, तार अडकली, तो गिटार घेऊन बाजारातल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. त्या दुरुस्तीवाल्याने मला जे सांगितलं ते असं: गिटारच्या पोटात केस वगैरे काही नव्हते. नटाच्या पाच खाचा कानशीने रुंद केलेल्या होत्या. तिसरीला कानस लागलेलीच नव्हती. खुडबुड्या ती विसरला नव्हता.