मेंबरांचं सरबत

आमच्या ह्यांचं नाव मी घेतलंच तर उखाण्यात घेते. एरवी सगळा मुलूख त्यांना मेंबर म्हणतो, म्हणून इथंही मेंबरच. शेहेचाळीस साली हे असेंब्लीत निवडून गेले. त्याआधी कराडजवळ आमच्या मळ्यात ऊस लावत होते, आणि खरं सांगायचं तर ते काम त्यांना जास्त बरं जमत होतं.

लहानपणी ह्यांना देवी आल्या. घरात देवी आली म्हणून औषध नाही, फोडणी नाही, नुसता कडुलिंबाचा डहाळा दारात. देवी गेल्या त्या डावा डोळा घेऊन. निवडणुकीत विरोधकांनी त्यावरून थट्टा केली, तेव्हा हे भर सभेत म्हणाले, "एकच डोळा हाय, पर त्यो सरकारवर ठिवतो." लोकांनी डोक्यावर घेतलं. हे मात्र मनापासून म्हणाले होते. पुन्हा कुणाच्या पोराचा डोळा जाऊ नये, याखेरीज ह्यांना असेंब्लीत दुसरं काही नकोच होतं. दर तालुक्याला देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा हवा आणि लस गार ठेवायची सोय हवी, असं एक बिल ह्यांनी मांडलं.

ते बिल म्हणजे माझी सवत. मुंबईहून आले की हे गावोगाव हिंडत आणि बिल कुठवर आलं, लस कधी मिळणार, हे लोकांना सांगत. बिल बोटभर सरकलं की भाषण कोसभर लांबे. बाया पुरुषांच्या हाती पोरं देत नाहीत म्हणून मलाही बरोबर जावं लागे. मी सातवी पास, माहेरी असताना मास्तरीण होते. तेच भाषण ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

सत्तेचाळीसच्या चैत्रात माण तालुक्यात देवींची साथ आली. लस कुठंच नव्हती. ह्यांनी मुंबईत दारोदार खेटे घालून एक पेटी मिळवली. काचेच्या बारीक नळ्या, भोवती बर्फ, वर लाकडाचा भुसा. देवी काढणारा मौला कराडचाच. मोटारअड्ड्यावर सोडावॉटरवाल्याकडून त्यानं पेटीत नवा बर्फ भरला आणि आम्ही माणातल्या खडकवाडीला निघालो.

वाडीत बाया तयार होणं सोपं नव्हतं. देवीची पूजा करणारी म्हातारी बनुबाई हटून बसली होती. कौल लावल्याशिवाय एकाही पोराच्या दंडाला हात लावायचा नाही, म्हणाली. देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावली. बराच वेळ काही पडेना. मी मनात देवीला नाही नाही ते बोलले. शेवटी उजवं फूल पडलं, आणि बाया पोरं घेऊन उठल्या. सगळ्यांत पुढं रंगूबाई होती, नवरा मुंबईला गिरणीत, कडेवर अडीच वर्षांची अंजना.

हे पेटीसकट सयाजी पाटलाच्या घरी थांबले होते, देवळातून आम्ही तिकडं आलो. सोप्यात हे लोडाला टेकून बसलेले, गळ्यात हार, हातात पितळी पेला. बोलणं रंगात आलेलं. "आता बिल समितीकडं हाय. समितीचं झालं की दुसरं वाचन," आणि एक घोट. लिंबाचं सरबत होतं. पेल्याला बाहेरून पाणी सुटलं होतं. मी विचारलं, "एवढं गार कसं हो?"

पाटील आनंदानं म्हणाले, "वैनी, तुमच्याच पेटीतला बरफ! मेंबर मुंबईचं, त्यास्नी गारच लागत असंल म्हनून संगं आनला, वळखलं आमी. त्या काचंच्या कांड्या फुटू ने म्हनून कट्ट्यावर जपून ठिवल्यात."

कट्ट्यावर भर दुपारचं ऊन होतं. मौला आडावर हत्यारं उकळत बसला होता, तो धावत आला. त्यानं एक नळी हातात घेतली आणि खाली ठेवली. "मेंबरसाब, लस मेली."

हे तिसरा पेला पीत होते. ज्या माणात उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळत नाही तिथं बर्फ कुठून आला, हे ह्या माणसाच्या मनात एकदाही येऊ नये! पाटलावर मला राग आला नाही. दारी आलेल्या पाहुण्याला घरातलं उत्तम ते द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ह्यांचा मात्र असा संताप आला की हार ओढून काढावासा वाटला.

बाया दारात उभ्या होत्या. हे मौलाच्या कानाशी लागले, "तसंच टोच की रं. आता परत धाडलं तर पुन्यांदा येतील का?"

मी म्हणाले, "खोटं टोचलेल्या पोराला पुन्हा कुणी टोचणार नाही. उठा, आणि सांगा त्यांना."

ह्यांनी उठून सांगितलं. इतकं थोडक्यात बोलताना मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. बनुबाई म्हणाली, "देवीनं कौल आजचा दिला हुता. आता फिरून फूल पडाया पायजे." बाया परतल्या. रंगूबाई जरा रेंगाळली, मग तीही गेली.

दुसरी पेटी मिळेस्तोवर ज्येष्ठ उजाडला. ह्या वेळी पेटी ह्यांच्या मांडीवर होती. वेशीत ह्यांच्या स्वागताची हलगी वाजत होती, हे तिकडं फिरकलेही नाहीत. देवीनं पुन्हा कौल दिला. वाडीतली सगळी पोरं रडली, सगळ्यांचे दंड सुजले. अंजना तेवढी नव्हती. मधल्या दिवसांत तिला देवी येऊन गेल्या होत्या. पोरगी जगली, डावा डोळा गेला.

त्यानंतर हे सरबताला शिवले नाहीत. भाषणंही आटली. जी टकळी बंद व्हावी म्हणून मी नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता ती बंद झाली, आणि मलाच घर खायला उठलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खडकवाडीला गेलो. हे सरळ रंगूबाईच्या झोपडीकडं गेले आणि दारात उभे राहिले. अंजना उंबऱ्यात चिंचोके खेळत होती. मान वाकडी करून, उजव्या डोळ्यानं तिनं ह्यांच्याकडं पाहिलं. हेही लहानपणापासून तसंच पाहतात. रंगूबाईनं पाण्याचा तांब्या आणला. ह्यांनी हात पुढं केला नाही.

"घ्या, मेंबर," ती म्हणाली. "रांजणातलं हाय. बरफाचं न्हाई."

ह्यांनी तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं. तिनं तांब्या परत घेतला, पदरानं पुसला आणि विचारलं, "आन् ते बिल कुठवर आलं वो?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. बिल अजून समितीतच होतं. तेवढंही ह्यांना सांगता येईना, शेवटी मी सांगितलं.