वावरात शिजलेलं जहाजावरचं जेवण

गेल्या हिवाळ्याच्या तोंडी दादाचा पाय मोडला. बोरी अरबजवळच्या आमच्या वावरात संत्र्याला पाणी देताना तो ओल्या नालीत घसरला आणि घोट्याच्या वरचं हाड गेलं. दादा माझा थोरला भाऊ. दिवसाउजेडी कधी आडवा न झालेला माणूस. पुढे प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी काठी घेऊन चालायला सांगितलं, पण तो बाजेवरून उठेना. अंगणात उन्हात पडून राही. सावली आली की वहिनी बाज सरकवी. ताट पुढे ठेवलं की चार घास चिवडी आणि बाजूला करी.

मी यवतमाळात एकटा राहतो. माझं लग्नाचं राहूनच गेलं. आयटीआय करून फिटर झालो आणि उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. आता निवृत्त आहे. दादा पडल्यापासून दर रविवारी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. बोलणं फारसं व्हायचं नाही. तो आभाळाकडे पाही आणि मी त्याच्या पायाकडे.

अशाच एका रविवारी त्यानं आभाळाकडे पाहतच विचारलं, "लहान्या, तू जहाजावर काय खात होता गा?"

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "जे भेटे ते."

"असं नोको सांगू. एखादं सांग. जिभेवर राह्यलेलं."

मग मी त्याला आमच्या क्युबाच्या आचाऱ्याबद्दल सांगितलं. धिप्पाड, कमी बोलणारा. शनिवारी सकाळी तो मांसाचा मोठा तुकडा आंबट संत्र्याच्या रसात, ठेचलेल्या लसणात आणि जिऱ्यात मुरवून विजेच्या एका जाड भांड्यात ठेवी आणि दिवसभर झाकण उघडत नसे. मंद, अगदी मंद आच. दुपारनंतर तो वास हवेच्या नळांतून खाली इंजिनरूममध्ये उतरे. डिझेलच्या वासातून वाट काढत तो आला की आम्ही सगळे काम करता करता गप्प होऊन जायचो. आचाऱ्याच्या खिडकीत पत्र्याच्या डब्यात एक रोपटं होतं. एकदा मी त्याचं जाड, लवदार पान चुरडून हुंगलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. ओव्याचं पान! आई ज्याची भजी करायची तेच. मी खुणेनं सांगितलं, हे आमच्या अंगणात असतं. त्यानं छातीवर हात ठेवला. त्याच्याही अंगणात होतं.

दादा ऐकत होता. मग म्हणाला, "मटन कायचं राहे?"

"डुकराचं."

ओसरीवर वहिनी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. आमच्या घरात बकरा, कोंबडी चालते, पण डुक्कर कधी कोणी खाल्लेलं नव्हतं. मी विषय बदलणार एवढ्यात दादा कोपरावर उठून बसला.

"डुकरायनं माह्यी लय पऱ्हाटी मोडली. भुईमूग तर दरसाली खाल्ला. आता माह्यी पाळी हाय. मले खायचं आहे."

"ते रानडुकरं, दादा. हे पाळीव."

"भाऊबंदच ना त्यायचे."

वहिनी हसली नाही. पण कितीतरी दिवसांत या माणसानं तोंडानं काही मागितलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. ती सूप उचलून आत गेली आणि दारातूनच म्हणाली, "भाऊजी, माह्या चुलीवर नोको, माह्या भांड्यात नोको. वावरात न्या त्यायले आन् तिथं काय शिजवाचं ते शिजवा. भाकरी मी आनून देईन."

तसलं भांडं माझ्याकडे होतं. कुठल्याशा बंदरात हौसेनं घेतलेलं, आत चिनीमातीचा जड घडा असलेलं. यवतमाळच्या घरात ते कपाटावर पडून होतं. मांस मी नागपूरहून बर्फाच्या डब्यात आणलं, खांद्याचा चरबीदार तुकडा. अडलं ते आंबट संत्र्यापाशी. आपली संत्री गोड, आणि लिंबाचा आंबटपणा वेगळा. फोनवर दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "जंबेरी पाह्यजे तुले."

संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. बागेच्या कोपऱ्यात एक कलम वरून वाळलं होतं आणि खालच्या खुंटानं फांद्या फेकून आपलीच फळं धरली होती. खडबडीत सालीची, आंबटढाण. त्यांना कोणी विचारत नाही. दादाला ते झाड तोडायचं होतं, ते तोडायचं राहून गेलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी तिथून पिशवीभर फळं नेली, यवतमाळला माझ्या घरी रस काढला, मीठ, जिरं, लसूण आणि कुंडीतली ओव्याची पानं ठेचून घातली आणि मांस त्यात मुरत ठेवलं.

रविवारी सकाळी दादाला गाडीत घालून वावरात आणलं. त्या आठवड्यात शेताला दिवसाची लाईन होती, म्हणजे वीज दिवसा येत होती. मोटारीच्या खोलीतल्या बोर्डावर मी भांड्याचा प्लग लावला, भांडं दारात पाटावर ठेवलं आणि दादाची बाज बाहेर उन्हात टाकली. भांड्यावरचा लाल दिवा लागला. मग करण्यासारखं काही उरलंच नाही.

मला त्या दिवसातली ही सकाळ सगळ्यात जास्त आठवते. कापूस दुसऱ्या वेचणीला आला होता आणि वावर पांढरं ठिपकलेलं होतं. तुरीच्या शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या. मोटार एका लयीत गुणगुणत होती, पाणी नालीतून संत्र्याच्या बुंध्यांकडे जात होतं. ऊन आधी पायांवर, मग पोटावर, मग तोंडावर चढलं. कधीतरी त्या भांड्यातून वास निघाला. आधी नुसता लसूण. मग जिरं. मग जंबेरीची साल तापल्यासारखं काहीतरी कडवट-गोड. मोटारीच्या आवाजात मला इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला. डोळे मिटले की खालची जमीन हलके हलके डुलायची. उघडले की कापूस. पुन्हा मिटले की फेस. मी कुठल्या पाण्यावर आहे हे मला नक्की सांगता आलं नसतं, आणि सांगावंसंही वाटत नव्हतं.

दादाही डोळे मिटून होता. मला वाटलं झोपला. पण तो म्हणाला, "समुद्रात धुरा कसा वळखतात गा?"

"धुरा नसतो, दादा. पाण्याले बांध कोन घालते?"

"मंग आपलं कुठलं न् दुसऱ्याचं कुठलं?"

"आपलं काहीच नसते. जहाजाखाली जेवढं येईल तेवढं, तेही मागं जाते."

त्याला हे आवडलं असावं. त्यानं 'हं' केलं. मग म्हणाला, "नांगरासारखंच. पन मातीत पडते तसा तास राहत नाही मागं."

"राहते थोडा वेळ. पांढरा तास. मंग मोडून जाते."

आम्ही दोघंही नंतर झोपलो असणार. कारण मला जाग आली ती शांततेनं. मोटार बंद होती. नालीतलं पाणी थांबलं होतं. भांड्यावरचा लाल दिवा विझला होता. दूर रस्त्याकडून कोणीतरी ओरडून सांगितलं की डीपी उडाली, आता आज लाईन येत नाही.

मी झाकण उचलून पाहिलं. रस सुटला होता, रंग फिरला होता, पण सुरी टोचली तर मांस अजून घट्ट. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाता येत नाही. माझा अगदी हिरमोड झाला. म्हटलं, "राहू दे दादा. फेकून देतो. पुढच्या रविवारी पाहू."

"फेकून काहून देतं?" तो उठून बसला. "गवऱ्यायत रोडगे कसे भाजते आपुन? लाईन लागते काय रोडग्याले?"

"या भांड्याचा घडा इस्तवावर तडकंल."

"त्या घड्याले कोन म्हन्ते? खोलीत पाह्य. पालथं गाडगं हाय कोपऱ्यात. कोरं हाय."

गाडगं होतं. मी ते धुऊन आणलं. धुऱ्यावर गेल्या सालची पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, रचलेली होती, गोठ्यामागे गोवऱ्या होत्या. मी दोन्ही आणून पेटवायला बसलो, पण जहाजावर आग विझवायची सवय झालेल्या माणसाला ती नीट लावता येईना. नुसता धूर. दादा बाजेवरून सूचना करत राहिला. "खाली बारीक घाल. आता गवरी आडवी नोको. अबे, उभी! उभी!" आणि मग ते त्याला पाहवेना. काठी टेकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर दादा उभा होता.

"दादा, पाय..."

"सरक तिकडं."

तो काठीवर भार देऊन हळूहळू आला. दुखरा पाय लांब करून जमिनीवर बसला आणि गोवऱ्या एकीला एक टेकवून रचल्या. वाकून फुंकर मारली. पऱ्हाटी तडतडली, जाळ वर आला, पडला, आणि खाली निखाऱ्यांचा लाल हारा झाला. मांस आणि सगळा रस गाडग्यात ओतून आम्ही वर झाकणी ठेवली. दादानं नालीतली काळी माती मळून झाकणीच्या कडेनं लिंपली. मग गाडगं हाऱ्यात बसवून त्यानं भोवती निखारे ओढले, वर राख. ते करताना त्याचे हात जसे चालत होते, तसे मी त्याच्या पडण्यानंतर पाहिले नव्हते. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्याला पाय आठवला असता.

पुन्हा तीच वाट पाहणं, पण आता दादा बाजेवर गेला नाही. हाऱ्याजवळच बसून राहिला. मधूनच एखादी गोवरी सरकवी. चिखल वाळत चालला आणि कुठूनतरी बारीक चिरेतून वाफेची एक दोरी निघू लागली. तिच्यात धूर होता, ओवा होता, जंबेरी होती. जहाजावरच्या वासात धूर नव्हता. हा वास तोच होता आणि नव्हताही.

उन्हं कलली तेव्हा वहिनी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन धुऱ्यावरून आली. दादा जमिनीवर बसून, तोंड राखेनं माखलेलं, हाऱ्यात फुंकर घालत होता. ती बांधावरच थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या बाजेकडे पाहिलं. पदर तोंडाला लावला, आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "डोळ्यात राख जाईन ना. सरका मांगं."

ती आमच्यापासून थोडी दूर, एका संत्र्याखाली बसली. स्वतःसाठी वांग्याची भाजी आणली होती. मी चिखल फोडून झाकणी काढली. मांसाला चमचा लावताच ते तंतूतंतूनं सुटलं. पळसाच्या पानावर वाढलं, वर थोडा कच्चा कांदा, थोडा जंबेरीचा रस. दादानं भाकरीच्या तुकड्यात घास धरला आणि तोंडात घातला. चावायचा थांबला. पुन्हा चावला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"आंबट हाय," तो म्हणाला. "गोड हाय." मग दुसरा घास घेतला. "तुह्या त्या आचाऱ्याले सांग, भाकरीसंगं खाय म्हना."

मीही खाल्लं. मला जहाज आठवलं, पण जेवढं आठवेल असं वाटलं होतं तेवढं नाही. ज्वारीची भाकरी आणि पऱ्हाटीचा धूर मध्ये आला. दादानं पहिली भाकरी संपवली आणि हात पुढे केला. वहिनीनं उठून दुसरी दिली, पानाला स्पर्श होऊ न देता, वरून. मग तिथंच जराशी रेंगाळली.

"वास संत्र्यावानी येते," ती म्हणाली.

"जंबेरीचा हाय," दादा म्हणाला. "खाते काय?"

"मले नोको." पण ती परत दूर गेली नाही. आमच्याजवळच बसून तिनं आपली भाजी-भाकरी खाल्ली.

भांडं, गाडगं आणि पानं आम्ही आवरली. दादा काठी टेकत स्वतःच गाडीपर्यंत आला. मध्ये एकदा थांबला, त्या वाळलेल्या कलमाच्या झाडापाशी, आणि खालची एक फांदी हातानं वर करून सोडली. ते झाड पुढे त्यानं तोडलं नाही. पुढच्या आठवड्यापासून तो काठी घेऊन रोज वावरात जाऊ लागला. आधी बांधापर्यंत, मग बागेपर्यंत. अजूनही थोडा लंगडतो. डुकराचं मांस त्यानं पुन्हा कधी मागितलं नाही, मीही केलं नाही.

त्या संध्याकाळी गावाकडे निघालो तेव्हा कापसावर शेवटचं ऊन होतं. दादा आणि वहिनी मागच्या सीटवर बसली होती. आरशात पाहिलं तर दादाला झोप लागली होती आणि त्याचं डोकं वहिनीच्या खांद्यावर आलं होतं. माणसांदेखत तिनं असं कधी होऊ दिलं नसतं. ती समोर पाहत ताठ बसून होती, खांदा जराही न हलवता.

"हळू घ्या, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "रस्ता लय खराब हाय."

मी गाडी अगदी हळू घेतली. खड्ड्यांतून ती डुलत चालली होती आणि दोन्ही बाजूंना पांढरी वावरं मागे मागे जात होती.