भाजण्याआधी फोडलेला नारळ

दिवस: दुष्काळाच्या सालात डिंकाच्या ताटांचा पहिला साचा उघडला तो. जबाबदार: आमच्या वडवणीच्या सोसायटीचे चेअरमन, त्यांचे होयबा सचिव आणि टाळ्या वाजवणारे संचालक मंडळ.

काल मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ‘वनस्पतिजन्य’ असे छापलेल्या वाडग्यात गरम आमटी पडली, उकळलेल्या जवसाच्या तेलाचा वास आला आणि सोसायटीची ती शेड डोळ्यांपुढे उभी राहिली. पिके करपली होती, पण बाभळींना डिंक भरपूर सुटला होता. तो गोळा करणाऱ्या बाया दाराशी उभ्या होत्या. ताटांचा माल खपला तर त्यांची ऊसतोड सुटणार होती. तुराट्यांचा भुसा, डिंक आणि तेल यांचे ताट युसूफभाई मिस्त्रींनी साच्यातून अलगद काढले. मधाच्या रंगाचे ते ओले ताट भट्टीत भाजल्यावरच पाण्याला टिकणार होते.

चेअरमनांनी त्यावरच नारळ फोडला.

“अवो सायेब, थांबा की! भाजायचं हाय अजून!” युसूफभाई ओरडले.

“शुभ कामाला काहून थांबायचं रे?”

नारळाच्या पाण्याने ताटाचा चिखल झाला. “ह्यात जेवलं तर कालवण मांडीवर!” असे म्हणून चेअरमन हसले, मंडळ हसले आणि तिथेच ठराव झाला: चाचणीअंती माल निरुपयोगी. दिवाळीनंतर त्या बाया कोयते घेऊन ट्रकमध्ये चढल्या.

तेव्हा मला तो अडाणीपणा वाटला होता. पुढे त्याच शेडमध्ये चेअरमनांच्या मेहुण्याचे प्लास्टिकच्या बादल्यांचे यंत्र बसले. आता हेच चेअरमन पर्यावरणावर भाषणे देतात. त्यांनी वडवणीच्या भरबाजारात उभे राहून सांगावे: ते यंत्र ठरावाआधी ठरले होते की नंतर? मला खासगीत उत्तर नको.