गारांवर तोफ

"वाजलं काय, बाई?"

हात कानामागे धरून, मान तिरकी करून आमचे ड्रॉइंग मास्तर हे विचारायचे, तेव्हा माझ्या कपातला चहा अर्धा बशीत आणि अर्धा पदरावर सांडलेला असायचा. चिंचेवरचे सगळे कावळे उडालेले असायचे. शेजारची म्हैस दावं तोडायच्या बेतात असायची. आणि ज्या गृहस्थानं एवढा धमाका उडवला, तोच एकटा गावात असा, ज्याला तो ऐकू आलेला नसायचा. मी दोन्ही हात वर करून 'वाजलं, वाजलं' अशी खूण केली की मास्तर खूश. "चाल्लं मंग!"

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. प्रत्येक गल्लीला देव एक नमुना देतोच. आमच्या गल्लीवर त्याची जरा जास्तच कृपा होती, एवढंच.

मी आणि मास्तर अमरावतीला एकाच गल्लीत राहायचो आणि एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायची आणि ते चित्रकला. शिकवायचे म्हणजे काय, फळ्यावर एक सुरई काढायचे, पोरांना "काढा" म्हणायचे आणि आपण खिडकीत बसून इंग्रजी मासिक वाचायचे. मासिकही कसं, तर शंभर वर्षांपूर्वीचं. अकोल्याला त्यांचा एक भंगारवाला चाचा होता. तिकडे एकेक जिनिंग फॅक्टरी बंद पडत चालली होती, आणि तिथलं लोखंड काय, साहेबांच्या बंगल्यातली रद्दी काय, सगळं फिरून चाचाच्या दारात यायचं. "मास्तर, तुम्हारे जैसे पागलों की किताब आयी है, ले के जाव. आमाले काय करायची?" असा त्याचा निरोप आला की मास्तर पहिली एसटी पकडायचे.

त्या मासिकांत विलायत-अमेरिकेतल्या रिकामटेकड्या लोकांचे शोध असायचे. पडल्या पडल्या पियानो वाजवायची खाट. बाळाला मोकळी हवा मिळावी म्हणून त्याला खिडकीबाहेर टांगायचा पिंजरा. समोर बाई आली की डोक्यावरची टोपी आपोआप उचलून सलाम करणारं यंत्र. असल्या अकलेच्या लोकांनी आपल्यावर राज्य केलं, हे वाचून मला आपल्याच पूर्वजांची लाज वाटायची.

मास्तरांना मात्र नुसतं वाचून चैन पडत नसे. टोपीचं यंत्र त्यांनी खरोखर केलं. घड्याळाची स्प्रिंग, छत्रीच्या काड्या, वर पांढरी टोपी. गॅदरिंगला संस्थेचे अध्यक्ष आले, मास्तर अदबीनं वाकले, आणि टोपी जी सुटली ती अध्यक्षांच्या नाकावर. हेडमास्तर संतापले. "अहो, पण याचा उपयोग काय?"

मास्तर टोपी झटकत म्हणाले, "उपयोगाचं काय घेऊन बसले, सर? काम तं गधाबी करते."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. खाटेला पेटी जोडली तेव्हा हेच, पावसात आपोआप उघडणारी छत्री घरातच उघडून देव्हारा पाडला तेव्हाही हेच. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वयनी म्हणायचो. वयनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "गधा बरा! थो सांगतलेलं तं आयकते!"

संसार वयनींच्या जिवावर चालला होता. मोर्शीकडे एका खेड्यात त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. एकुलती लेक म्हणून ती वयनींकडे आली. दर शनिवारी त्या एसटीनं बागेत जायच्या, आणि मास्तर रिटायर झाल्यावर दोघं तिथंच राहायला गेले. वडिलांनी हात धरून त्यांच्याकडून झाडं लावून घेतली होती. "मी हाय तंवर या बागेले कुऱ्हाड नाई लागू देत," असं त्या कोणी न विचारताही सांगायच्या.

न विचारता सांगायची वेळच आली होती. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. कापसाला भाव नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं, फक्त पाहणीला येणाऱ्या गाड्यांना तोटा नव्हता. वऱ्हाडात त्या वर्षांत एकच पीक जोरात आलं होतं, ते म्हणजे समित्यांचं. आजूबाजूचे लोक वाळलेल्या बागा तोडून सरपण विकत होते. वयनींची बाग तेवढी हिरवी होती. टँकरनं पाणी घालून, रात्रंदिवस राबून त्यांनी ती जगवली होती, आणि आता सगळी भिस्त आंबिया बहारावर, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यावर होती.

तो फुलला, आणि त्याच फाल्गुनात गारा आल्या. मी तिथंच होते. बाग फुलली की चार दिवस वास घ्यायला मला बोलावणं असायचं. वयनींनी आमच्याकडच्या बायका करतात तसा उलटा तवा अंगणात फेकला. तव्यानं गारा थांबतात म्हणे. गारांना ते कोणी कळवलं नव्हतं. पाऊण तासात झाडं बोडकी झाली. वयनी चिखलात बसून गारांसकट फुलं पदरात गोळा करू लागल्या. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मास्तर जवळ गेले तशा त्या वर न बघता म्हणाल्या, "जलमभर लोखंड ठोकत राहिले तुमी. मायासाठी येक तं कामाचं करून देल्लं असतं."

मी वाट पाहिली. गधा काही आला नाही. त्या दिवसापासून ते वाक्य मास्तरांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले.

आता गंमत ऐका. ज्या माणसानं आयुष्यात कधी कामाचं यंत्र केलं नाही, त्यानं पहिल्यांदा मनावर घेतलं, आणि सगळ्या मासिकांतून निवडून काय काढलं? तर गारांवरची तोफ! दोन पुरुष उंचीचं लोखंडी नरसाळं, तोंड आभाळाकडे, खाली दारू ठासायची. काळे ढग आले की आवाज काढायचा, म्हणजे ढगातल्या गारा फुटून त्यांचं पाणी होतं. तिकडचे द्राक्षवाले असल्या तोफा ओळीनं लावायचे म्हणे. वानरं हाकलायच्या बंदुकीचाच हा थोरला भाऊ.

त्या लेखाच्या शेवटी स्पष्ट छापलं होतं की तोफांनी गारा काही थांबल्या नाहीत आणि लोकांनी त्या मोडीत काढल्या. मी तेवढा भाग मोठ्यानं वाचून दाखवला.

"त्यायचे ढग येगळे," मास्तर म्हणाले.

चाचानं एका बंद जिनिंगचं धुराडं कापून दिलं आणि ट्रॅक्टरवर चढवताना हात जोडले. "अब तो अल्लाह ही बादलों को बचाये!"

पहिल्याच दिवशी मास्तरांचा डावा कान गेला. उजवा पोळ्यापर्यंत टिकला. वयनी कानात कापूस कोंबून घ्यायच्या. वऱ्हाडात कापसाला तेवढीच किंमत उरली होती. मास्तरांना मात्र कापूस चालत नसे, आवाज बरोबर निघाला की नाही ते कसं कळणार? मग कळायचं तेवढंही बंद झालं, आणि 'वाजलं काय?' सुरू झालं. वयनी शिव्या घालत घालत दर अमावास्येला तोफेला हळदकुंकू लावायच्या.

पुढच्या फाल्गुनात ढग आले. मास्तरांनी तोफ उडवली. आणि काय सांगू, गारा नाल्यापलीकडच्या गावात पडल्या! या बागेत एक टपोरा थेंब नाही.

तिसऱ्या दिवशी पलीकडचे आठ-दहा लोक लाठ्या घेऊन दारात. पुढचा मिशीवाला गरजला, "मास्तर, तुमची तोफ आमच्या आंगावर गारा ढकलून राह्यली! हे बरं नाई!"

मास्तरांनी कानामागे हात धरला. वयनींनी त्यांच्या कानात ओरडून तक्रार सांगितली. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. उठून त्या मिशीवाल्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मंजे चालते!"

जन्मात पहिल्यांदा त्यांच्या यंत्राविषयी कोणी तक्रार केली होती की ते चालतं. भांडायला आलेल्या माणसाला इतका आनंद झालेला माणूस भेटला की त्याचं भांडण टिकत नाही. मंडळी चहा पिऊन गेली, आणि जाताना मिशीवाल्यानं हळूच विचारलं, "आमाले येक बनून भेटन काय?"

एक समितीही येऊन गेली. साहेबांनी धुराड्याकडे चष्म्यातून बघून विचारलं, "हे कोणत्या योजनेतलं?" मास्तरांना वाटलं, हे वाजतं का असं विचारताहेत. त्यांनी वाजवून दाखवलं. पाहणी एवढ्या चटकन आटोपलेली मी कधी पाहिली नाही. शेवटच्या गाडीचं तर दारही उघडंच होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी गारा बागेवरच आल्या. मास्तर भिजत तोफ ठासत होते, उडवत होते, आणि गारा पडत होत्या. पत्र्यावर, झाडांवर, त्यांच्या टकलावर. दर बार उडाला की मागे वळून तोच प्रश्न. ओसरीत उभ्या वयनी दर वेळी दोन्ही हात वर करायच्या. समोर बहार गळून पांढरा सडा पडला होता, आणि यांचे हात वर!

मी चिडले. "वयनी, खोटं कावून सांगता त्यांना?"

"खोटं कुठं? वाजलं तं खरंच ना, बाई." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थांबलं काय, असं त्यायनं इचारलंच नाई."

खरं सांगते, त्या खुळ्या माणसाचा मला फार राग यायचा. आणि माझ्यासाठी आजवर कोणी एक कानसुद्धा घालवला नाही, याचा त्याहून जास्त.

बाग मात्र तुटली नाही. अर्ध्या बहारावर वयनींनी तीही वर्षं काढली. मास्तर त्यानंतरच्या थंडीत गेले. जेवले, उन्हात खाटेवर पडले आणि उठलेच नाहीत. अकोल्याहून चाचा आला होता. तोफेला टेकून बराच वेळ बसला, आणि मोडीत नेऊ का, असं त्यानं विचारलं नाही. भंगारवाल्यानं एवढं न विचारणं म्हणजे केवढी माया, ते तुम्हीच समजा.

फाल्गुनात मी वयनींच्या सोबतीला गेले. बाग फुलली होती, वासानं डोकं जड व्हावं अशी. चौथ्या दिवशी दुपारी उत्तरेकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं आणि पहिली गार पत्र्यावर टणकन वाजली. मी धावत जाऊन चुलीवरचा तवा आणला. काय करणार, मराठीची बाई असले तरी मीही वऱ्हाडातलीच.

वयनी माझ्या आधीच बाहेर पडल्या होत्या. कानात कापूस घालायलाही थांबल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी तोफ ठासली, जशी वर्षानुवर्षं शिव्या देत पाहिली होती तशीच, आणि वात पेटवून बाजूला झाल्या. चिंचेवरचे कावळे उडाले. सगळ्या शिवारानं तो आवाज ऐकला.

गारा पडतच होत्या. वयनींच्या केसांत, खांद्यांवर, फुलांवर. त्या माझ्याकडे वळल्या. आवाज त्यांना ऐकू आला होता, कान चांगले होते त्यांचे. तरी हात कानामागे धरला, मान तिरकी केली.

"वाजलं काय, बाई?"

मी तव्यासकट दोन्ही हात वर केले.