समासातली पेन्सिल

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी सुरुवातीलाच सांगून टाकते, की धडा घरून वाचून यायचं आणि वाचताना हातात पेन्सिल ठेवायची. पटलं नाही, तिथे समासात तसं लिहायचं. आजही तेच सांगत होते, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या मुलीचं पुस्तक खाली पडलं. तिने ते उचललं, झटकलं आणि कपाळाला लावलं. मग चाचरत म्हणाली, "पण मॅडम, पुस्तकात कसं लिहायचं?" कुणीही हसलं नाही. सगळ्यांनाच तो प्रश्न पडला असावा.

मला चीडच आली. इतकी वर्षं यांनी पुस्तकांना कव्हरं घातली, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, उत्तरं घोकली; पुस्तकाला उलट प्रश्न विचारायला मात्र कुणी शिकवलं नाही. पण बोलणार तोच थबकले. पुस्तकाला पाय लागला की माझाही हात आपोआप कपाळाकडे जातोच की. ज्याच्या पाया पडायचं, त्याच्याशी वाद कसा घालायचा? आणि खरं तर, ज्याच्याबद्दल काही वाटतच नाही, त्याच्याशी वाद घालायला कोण जातं?

"हलक्या हाताने लिही," एवढंच म्हटलं.

तास संपताना तिच्या बाकापाशी थांबले. समासात अगदी पुसट अक्षरांत लिहिलं होतं, 'हे मला पटत नाही.' मला पाहून तिने पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि बॅगेत ठेवलं.

लिहिलेलं पुसलं मात्र नाही.