शेजारचं विरजण

सकाळी पातेल्यावरचं झाकण काढलं, तर दूध अजून दूधच होतं. विकतच्या दह्याचं विरजण लावलं होतं, ते काही लागलं नाही.

महिनाभर माझं पोट बिघडलंय. पाणी उकळून पितो, बाहेरचं खात नाही, तरी तेच. काल डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, “जेवायला बरोबर कोण असतं?”

बायको, सुमन, गेल्यापासून एकटाच जेवतो. पण त्याचा पोटाशी काय संबंध? ते म्हणाले, पोटात जंतूंची वस्ती असते. हवा, पाणी, औषधं, काळजी, सोबत, सगळं तिच्यापर्यंत पोचतं. घरी लावलेलं दही खाऊन बघा.

मग नेमकं बिघडलंय काय? पाणी, आधीच्या गोळ्या, की एकट्यापुरता लावलेला कुकर? आणि आतली वस्ती जर अशी बाहेरच्यांवर जगत असेल, तर माझ्यात माझं म्हणून आहे तरी काय? डोकं चालेना. शेवटी वाटी घेऊन शेजारच्या मालतीताईंकडे गेलो.

“थोडं विरजण मिळेल का?”

“अहो, तुमच्याच घरचं आहे हे! आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सुमनवहिनींनी दिलेलं. तेच रोज लावतेय.”

वाटीतल्या चमचाभर दह्याकडे मी बघतच राहिलो. हे खायचं, की जपून ठेवायचं?

“रोज दूध घाला त्यात,” मालतीताई म्हणाल्या. “नुसतं ठेवलं तर आंबून जातं.”