एकेरी

माझी बायको मला अहो म्हणते. आमचं लग्न झालं त्या काळात नवऱ्याला दुसरं काही म्हणत नसत, त्यामुळे मला त्यात कधी काही खुपलं नव्हतं. खुपायला लागलं ते तिच्या वडिलांची गाडी दुरुस्त करायची ठरली तेव्हापासून.

काशीद आणि मुरुडच्या मध्ये तिच्या माहेरची नारळी-सुपारीची वाडी आहे. सासरे गेल्यावर वाडी एकुलत्या मुलीकडे आली. मी शाळेतून आणि ती बँकेतून निवृत्त झाली, तेव्हा आम्ही इथे राहायला आलो. वाडीबरोबर गाडीही पदरात पडली. सासरे कुवेतला नोकरीला होते आणि परत येताना तिथल्या एका अमेरिकन साहेबाची जपानी गाडी विकत घेऊन बोटीनं आणली होती. स्टिअरिंग डाव्या हाताला. नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी पत्र्याखाली ती कित्येक वर्षं उभी होती. हिला ती गाडी एकदा स्वतः चालवत मुरुडला न्यायची होती. वडिलांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. मी म्हटलं, ने की. कुणीतरी मेकॅनिक येईल, चार दिवस ठोकठोक करेल आणि जाईल, एवढीच माझी कल्पना.

आला तो तिच्या मुरुडच्या शाळेतला वर्गमित्र. उमेदीची सगळी वर्षं आखातातल्या गॅरेजमध्ये घालवून तो आता घरी परतला होता. दाढी पांढरी, दंड मात्र अजून पहिलवानाचे. फाटकातूनच त्यानं विचारलं, "हायस का गं घरात?"

"हाय रे, ये," ही म्हणाली.

रे. मी तिथेच ओटीवर चहाचा कप धरून बसलो होतो.

मी घाटावरचा. उभी हयात मराठी शिकवण्यात गेली. माझ्याशी ती कायम छापील मराठी बोलते: नाही हो, झालंय हो, जेवायला वाढू का. त्याच्याशी मात्र पहिल्या मिनिटापासून व्हय रे आणि न्हाय रे. तिच्या तोंडून न्हाय मी जन्मात ऐकलं नव्हतं. ही दुसरी बाई इतकी वर्षं माझ्या घरात कुठे लपून बसली होती, हे मला कळेना.

बॉनेट उघडलं तेव्हा आत इंजिन दिसेना. काळ्या शेवयांचा गुंता असावा तशा रबरी नळ्याच नळ्या होत्या. गाडी मुळात अमेरिकेसाठी बनलेली, तिथे धुराचे कायदे कडक, म्हणून इंजिनावर हे जास्तीचं सामान चढवलेलं, असं त्यानं सांगितलं. हवा मारणारा एक पंप, थोडा धूर परत इंजिनात ढकलणारी एक झडप, आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या. पंप जाम झालेला, झडप चिकटलेली, नळ्या खाऱ्या वाऱ्यानं तडकलेल्या. सुटे भाग आता मिळायचे नाहीत.

"ह्या सामानाची बॉडी हाय, जान न्हाय," तो म्हणाला. "काढून टाकू."

"धूर कमी करायचं सामान काढलं तर धूर वाढणार नाही का?" मी विचारलं. पर्यावरणाचा असा पुळका मला आधी कधी आलेला नव्हता.

"सर, बरोबर हाय तुमचं," तो अदबीनं म्हणाला. "पर ते चालू असतं तर. आता नुसती हवा गळतेय, त्यानंच धूर होतो. कार्बुरेटर नीट लावतो, मुरुडला पीयूसी करू. न्हाय पास झाली तर ही गाडी रस्त्यावर काढायची न्हाय. माझी जबान."

म्हणजे तिकडून अहो, इकडून सर. दोघांनी मिळून मला आदरार्थी बहुवचनात नेऊन बसवलं होतं.

मग रोज सकाळी काम. ही साडीचा पदर खोचून बॉनेटखाली. "तुझा हात बारीक, तू घाल," असं तो म्हणे, आणि ही कोपरापर्यंत हात आत घालून कुठला तरी बोल्ट काढून दाखवी. बोल्ट ठेवायला तिनं करवंट्या मांडल्या होत्या. पंप निघाला त्या दिवशी दोघं शाळेतल्या कुठल्याशा मास्तरांच्या आठवणीनं इतकी हसली की मी आतून बाहेर आलो. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही हो, जुनी गोष्ट आहे," ती म्हणाली. तिच्या जुन्या गोष्टींत मला प्रवेश नव्हता. माझ्याकडे काम चहाचं.

मला जळफळाट होत होता, हे सरळच सांगतो. तसला संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं, कडाडून भांडता तरी आलं असतं. तो चांगला माणूस होता, नमाजाची वेळ झाली की हात धुऊन जायचा आणि परत येताना हिच्यासाठी बोंबील आणि माझ्यासाठी, मी खात नाही म्हणून, आठवणीनं केळी आणायचा. मला त्याच्याकडचं दुसरं काहीही नको होतं. मला तो रे हवा होता.

एकदा जेवताना मी धीर करून म्हटलं, "तू मला तू म्हणत जा ना."

"काहीतरीच काय अहो," ती म्हणाली. "आमटी वाढू?"

सगळ्या नळ्या काढायच्या आधी कार्बुरेटरवरच्या तोट्यांना नंबर घालायचे होते. बारीक बारीक नऊ तोट्या, गोल फिरत गेलेल्या, सगळ्या दिसायला सारख्या. त्यातली पहिली तेवढी ठेवायची, कारण गाडी पळताना ठिणगीची वेळ तिच्यातल्या हवेच्या ओढीवर ठरते. बाकीच्यांना बूच. त्यानं चिकटपट्टीवर नंबर घालायला घेतले तेव्हा मी चहा ठेवून पुढे झालो. अक्षराच्या कामात तरी मला कोणी हटवू शकत नाही.

"मग पल्याडच्या अंगाच्या दोन तुम्ही घाला, सर. पयली आणि शेवटची," तो म्हणाला. "तुमचा हात पोचंल."

मी वाकून, पेन धरून, शाळेच्या फळ्यावर काढतो तसे दोन आकडे काढले. वळणदार. बायकोला हाक मारून दाखवलेसुद्धा. "छान हो," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात इंजिन चालू झालं आणि मांजरासारखं गुरगुरायला लागलं. हिनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि डावीकडे स्टिअरिंगवर बसली. तिच्या शेजारी तो, कारण आवाज ऐकायला त्याचे कान हवेत. मी मागे. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, त्यामुळे रस्त्यावरचा जो तो त्यालाच गाडीचा मालक समजून हात करत होता, आणि तोही करत होता. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याकडे कोण बघतो.

मुरुडच्या अलीकडे समुद्राच्या कडेनं चढ लागतो. तिथे गाडी दमली. ही पाय दाबतेय आणि गाडी आचके देतेय. शेवटी तिनं ती कडेला घेतली. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. आखातातल्या गॅरेजांची सगळी पुण्याई या एका चढाला संपली, असं मी मनात म्हटलं. तोंडानं मात्र, "अरेरे."

दोघं बॉनेट उघडून वाकली. बराच वेळ तो तोट्यांकडे बघत राहिला. "एकावरच लावलीय नळी. नवाला बूच मारलंय," तो पुटपुटला. मग ही अचानक हसायला लागली.

"अहो, इकडे या. हा तुमचा एक आहे ना?"

मी गेलो. मधल्या सगळ्या पट्ट्यांवर त्याचे इंग्रजी आकडे. त्यांच्या रांगेत माझा मराठी १ बसला होता, आणि त्या रांगेत तो चक्क इंग्रजी नऊ दिसत होता. त्यानं त्याला नऊ समजून बूच मारलं होतं. मग उरला तो एक, म्हणून नळी माझ्या ९ वर.

"एकच आहे तो," मी म्हणालो. "मराठीत एक असाच काढतात. महाराष्ट्रात उभी आहे गाडी."

"व्हय सर," तो म्हणाला. "पर दोन आकडे मराठीत आणि बाकी इंग्लिशमधी, गाडी तरी काय करंल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो तार आणि पकड काढायला मागे डिकीकडे गेला. त्याच्या जागेवर मी उभा राहिलो, दुसरं काय करणार. ही इंजिनात डोकं घालून बूच ओढत होती. बूच सुटलं तसं तिनं मान वर न करता नळीचं टोक मागे केलं.

"हे धर रे," ती म्हणाली.

मी धरलं.

"घट्ट धर, सुटंल. आणि ऐक रे, त्यांना ह्या आकड्यावरून काय बोलू नको आता. लय मनाला लावून घेतात. आता मुरुडपर्यंत तू मागं बस, त्यांना म्होरं बसव. तूच सांग, मी सांगितलं तर यायचे न्हाय."

मी हूं सुद्धा केलं नाही. केलं असतं तर तिनं मान वर करून बघितलं असतं, आणि मग, अहो, तुम्ही होय, म्हणाली असती. मागे डिकी बंद झाल्याचा आवाज आला. तिची बोटं अजून आत चाचपत होती. मी नळी घट्ट धरून उभा राहिलो.